पोलनवर टांगलेला निळा दिवा

मिरचीची कोणती कळी उद्या सकाळी उमलणार, हे आज दुपारी ओळखावं लागतं. माझ्या वहिनीला ते नुसत्या नजरेने कळायचं. मला आजही कळत नाही. मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली आणि तिची शाळा सातवीत सुटली, पण हे मी तिची आरती ओवाळायला सांगत नाही आणि स्वतःला कमी लेखायलाही नाही. ज्याचं त्याचं काम असतं. तिचं काम डोळ्यांचं होतं, एवढंच मला सांगायचं आहे.

आमचं गाव धाड नावाच्या बाजारगावापासून जीपने थोडं आत आहे. पूर्वी तिथे ज्वारी, तूर, कपाशी असायची. आता बऱ्याच वावरांवर जाळीचे मांडव चढले आहेत. शेडनेट. आत मिरची, टोमॅटो, काकडी असते, पण खायला नाही, बियाण्यासाठी. बियाण्याची कंपनी दोन जातींची रोपं देते, एक नराची आणि एक मादीची. मादीच्या झाडावरची कळी उमलायच्या आदल्या दुपारी चिमट्याने हळूच उघडायची, आतले जांभळट नर, म्हणजे पुंकेसर, उपटून काढायचे, मधली काडी तशीच ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काडीच्या टोकाला नराच्या जातीचे पराग लावायचे. या सगळ्याला आमच्याकडे क्रॉसिंग म्हणतात आणि परागांना पोलन. एखादा जरी नर आत राहिला तरी ते फूल परस्पर आपलं आपण उरकून घेतं. तसं बी पुढे तपासणीत निघालं की अख्खा माल नापास.

कळी असते हरभऱ्याच्या दाण्याएवढी. वहिनीचा चिमटा एकदा आत गेला की सगळं साफ करूनच बाहेर यायचा, आणि काडीला धक्का लागायचा नाही. इतर बायांच्या मागे एक तपासणारी असायची. वहिनीच्या मागे कोणी ठेवत नव्हतं. आसपासच्या गावांतल्या नव्या पोरी तिच्याकडे शिकायला यायच्या आणि ती त्यांना भरपूर बोलायची. "डोये घरी ठेवून आली का वं?" हे तिचं ठरलेलं वाक्य. पोरी खाली मान घालून हसायच्या. तिला स्वतःचा मोठेपणा माहीत होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नसे. घरात तिचं कशावरच फारसं चालत नव्हतं. सासरे होते तोवर सासऱ्यांचं, मग माझ्या भावाचं. पण त्या जाळीच्या आत भाऊसुद्धा तिला विचारून पाणी सोडायचा.

माझं काम त्याहून बारीक गोष्टींचं, आणि भावाच्या मते निव्वळ रिकामटेकडं. ट्यूबलाइटसारख्या नळीतून वीज जाते तेव्हा आत काय होतं, हे मी तरुणपणाची चांगली वर्षं घालवून मोजलं. नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत थोडा आर्गॉन वायू आणि पाऱ्याचा एक थेंब असतो. वीज दिली की टोकाच्या तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, वेग घेतात आणि वाटेतल्या अणूंवर आदळत जातात. बाजाराच्या दिवशी धाडच्या स्टँडवर एसटी पकडायला पळणारा माणूस जसा दहा जणांना घासून जातो आणि कोणाचं काही बिघडत नाही, तशा यातल्या बहुतेक टकरी असतात. इलेक्ट्रॉनची दिशा तेवढी बदलते. पण एखादा पुरेसा वेग घेऊन पाऱ्याच्या अणूवर आदळला तर त्या अणूला ती ऊर्जा पेलत नाही. तो ती लगेच टाकून देतो, आणि ती प्रकाश होऊन बाहेर पडते. त्याहून जोरात आदळला तर अणूतलाच एक इलेक्ट्रॉन उडवून लावतो. मागे उरलेला अणू म्हणजे आयन. तो जड असतो. तो उलट्या दिशेने सावकाश सरकत जातो, आणि पुढे काचेच्या भिंतीपाशी एखादा इलेक्ट्रॉन भेटला की पुन्हा पहिल्यासारखा होतो. किती वेगाला कोणती टक्कर किती वेळा होते, याचे आलेख काढण्यात माझा प्रबंध झाला. तो वाचणारे लोक जगात असतील, पण माझी त्यांची गाठ पडलेली नाही.

पाऱ्याचा अणू जो प्रकाश टाकतो तो बहुतेक आपल्याला दिसत नाही. अतिनील असतो. घरातल्या ट्यूबला आतून पांढरी भुकटी लावलेली असते. ती तो प्रकाश पिते आणि आपल्याला दिसणारा पांढरा उजेड बाहेर सोडते. चुकून काही सुटलंच तर काच अडवते. पाणी निर्जंतुक करायच्या दिव्यात मात्र भुकटी नसते आणि काचही अशी वापरतात की ती काही अडवत नाही, कारण तिथे तो न दिसणारा प्रकाशच पाहिजे असतो. त्याने जंतू मरतात. आपल्याला दिसतो तो फक्त सोबतचा फिकट निळा उजेड. दिसायला तो थंड आणि निरुपद्रवी असतो.

असा एक दिवा भावाकडे होता. काही वर्षांपूर्वी त्याने गावात पाण्याच्या जारचा धंदा टाकला होता. लग्नाकार्यात थंड पाण्याचे जार पुरवायचे. चाललाही बरा, पण बोअरचं पाणी आटलं आणि धंदाही आटला. टाक्या विकल्या गेल्या, मशीन विकलं गेलं, तो दिवा मात्र कोणी घेतला नाही. भावाने लोखंडी नळकांड्यातून ट्यूब बाहेर काढून, तिच्या चोकसकट, कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली होती. आमच्याकडे चालू वस्तू कोणी फेकत नाही.

त्या वर्षी श्रावणापासून ढग हटेनात. क्रॉसिंग भरात होतं आणि पोलन वाळेना. नराच्या फुलांतले नर सकाळी गोळा करतात, कागदावर पसरून वाळवतात, मग पातळ कापडातून गाळून डबीत भरतात. ऊन नसलं की पिवळ्या बल्बखाली ठेवतात. पण हवेतच इतकी ओल होती की बल्बखालच्या पोलनलाही बुरशी धरायला लागली. दोनदा डब्या फेकाव्या लागल्या. तेव्हा भावाला माळ्यावरची ट्यूब आठवली. त्याचा हिशेब सरळ होता. जी ट्यूब पाण्यातली घाण मारते ती पोलनवरची बुरशी का मारणार नाही? शेतातल्या मोटारीच्या खोलीत टेबलावर पोलन पसरलेलं असायचं. त्याच्यावर त्याने ती तारेने टांगली, अगदी हात वर केला तर लागेल एवढ्या उंचीवर. बुरशी खरंच थांबली. त्याने ही युक्ती आणखी दोघांना सांगितली, पण त्यांच्याकडे तशी ट्यूब नव्हती. त्यांचं नशीब.

पोलन निवडायचं काम वहिनी दुसऱ्या कोणाला देत नसे. बाया गेल्या की दिवस मावळेपर्यंत ती त्या टेबलापाशी बसायची, कागदावर वाकून, नर फोडत, कचरा बाजूला करत. डोक्यावर निळा दिवा.

अतिनील प्रकाशाचा सगळ्यात वाईट गुण असा की तो लागतो तेव्हा काहीच लागत नाही. चटका बसत नाही, डोळा दिपत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू शिरल्यासारखं होतं. तोपर्यंत माणूस घरी येऊन भाकऱ्या करून, जेवून झोपलेला असतो. वहिनीचे डोळे पहिल्यांदा चुरचुरले तेव्हा घरातल्या कोणालाही दिवा आठवणं शक्यच नव्हतं, कारण उत्तर आधीच तयार होतं. मिरची. दिवसभर मिरचीत हात, तोच हात डोळ्याला लागला असेल. मिरचीच्या वावरात काम करणाऱ्या बाईचे डोळे जळाले तर दुसरं कारण शोधायला जायचं तरी कोणी? तोंड लाल झालं, कपाळाची सालं निघाली, ते शेडनेटच्या उकाड्याने. एक दिवस डोळे बांधून घरी पडायचं, बरं वाटलं की पुन्हा टेबलापाशी. असं त्या दिवसांत तिने कितीदा केलं, तिलाही नीट सांगता आलं नाही.

आणि डोळे जळाले की आमच्याकडे औषध ठरलेलं. बाळंतिणीचं दूध. शेजारच्या काकूंची सून नुकतीच बाळंत झाली होती. काकू मायेने वाटी घेऊन यायच्या आणि कापसाच्या बोळ्याने दोन्ही डोळ्यांत थेंब सोडायच्या. गार वाटायचं, असं वहिनी सांगते. मला काकूंचा राग येतो, आणि तो राग कुठे ठेवावा ते कळत नाही, कारण त्या बाईने स्वतःच्या घासातला घास दिला असता.

मी महालक्ष्म्यांना घरी गेले. मी दुसऱ्या शहरात कॉलेजात शिकवते, सणाला तेवढी जाते. घरात शिरले तर मखर अर्धवट आणि वहिनी आतल्या खोलीत डोळ्यांवर ओला फडका घेऊन पडलेली. जी बाई महालक्ष्म्यांच्या साड्यांच्या निऱ्या दुसऱ्या कोणाला घालू देत नसे, ती.

"काय झालं वहिनी?"

"काई नाही ताई, मिरचीचं हाय," ती म्हणाली. ती माझ्यापेक्षा मोठी, पण मी नणंद म्हणून मला तुमी म्हणते आणि मी तिला तू. "तुमी आल्या आन् मी अशी पडेल हाय. हा डोया उघडतच नाही पाहा दोन दिस झाले."

तिने फडका काढला. डावा डोळा लाल होता. उजव्याच्या बुबुळावर पांढुरकं काहीतरी दिसलं, दह्याची कवडी लागावी तेवढं. मला डोळ्यांतलं काही कळत नाही, पण ते तिथे असायला नको हे कळायला कॉलेज लागत नाही. मी भावाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं. तो म्हणाला, सण होऊन जाऊ दे, आणि आधी शेतात चल, पोलनच्या डब्या आणायच्या आहेत, आल्यावर बोलू. मी चडफडत त्याच्याबरोबर गेले.

दिवस मावळत होता. मोटारीच्या खोलीच्या दारातून निळा उजेड बाहेर जमिनीवर पडला होता. मी दारातच थांबले. तो निळा रंग मी वर्षानुवर्षं पाहिलेला आहे, प्रयोगशाळेत, काळ्या पडद्याआड, जाड चष्मा घालून. उघड्या जागी, टेबलावर टांगलेला, तो मी कधीच पाहिला नव्हता. काच आरपार होती. दोन्ही टोकांच्या तारा लालसर दिसत होत्या. मी आधी बटण बंद केलं.

"इथी कोन बसते?" मी विचारलं. गावात पाय ठेवला की माझी जीभ आपोआप घरची होते.

"तुही वहिनी. काऊन?"

मी त्याला सांगितलं. घाईघाईत, वाईट पद्धतीने, ओरडून सांगितलं. तो ऐकत उभा राहिला आणि मग म्हणाला, "साऱ्या गावानं पेलं ना बाई ह्या दिव्याखालचं पानी. लग्नाकार्यात लहान लेकरं पेले. कोनाले काई झालं?"

"पानी त्याच्यासमोरून जात होतं, भाऊ. मानूस नोता बसत समोर. आन् तवा तो लोखंडात बंद होता."

 त्याने टेबलावरच्या पोलनकडे पाहिलं. मी तेही सांगून टाकलं, कारण मला तेव्हा थांबता येत नव्हतं. म्हटलं, बुरशी मेली तसं हे पोलनही मेलं असेल. मागच्या काही दिवसांत लावलेली फुलं गळत होती आणि तो हवेला दोष देत होता, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी तो नुसता खाली बसला. त्याने डोक्याला हात लावला नाही की कपाळ बडवलं नाही. जमिनीवर मांडी घालून, जेवायला बसतात तसा बसला.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या जेवल्या की नाही मला माहीत नाही. आम्ही पहाटेच गाडी करून निघालो होतो. जिथे मी राहते तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी यंत्राला हनुवटी टेकवून वहिनीचा डोळा बराच वेळ पाहिला. त्यांनी मला बाजूला घेतलं. आधी वरचं आवरण भाजलं आहे, त्या कच्च्या जागेवर काहीतरी बसलं आहे, आणि ते आत उतरलं आहे, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, काय बसलं आहे? खरवडून तपासल्यावर त्यांनी सांगितलं, "बुरशी आहे. शेतात काम करणाऱ्यांमध्ये आम्ही ही नेहमी बघतो."

बुरशी. मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले आणि मला हसू फुटलं. शेजारचा माणूस दचकून पाहायला लागला. ते हसू नव्हतं, पण त्याला समजावून कुठे सांगणार.

डावा डोळा बरा झाला. उजव्यासाठी तासातासाला थेंब, आठवड्याआठवड्याला तपासणी. वहिनी माझ्याकडे राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला करायला काही नव्हतं, आणि ते तिला डोळ्यापेक्षा जास्त दुखत होतं असं मला वाटतं. भाजी निवडू का, कपडे घड्या करू का, असं दिवसभर विचारायची. माझ्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली मात्र ती उभी राहत नसे. मी बटण दाबलं की ती पदर डोळ्यांवर ओढून बाहेरच्या खोलीत जायची.

एका दुपारी, आभाळ भरून आलं म्हणून मी ट्यूब लावली आणि ती उठायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला. "वहिनी, ह्या ट्यूबनं काई होत नाही. बस."

"तशीच तं होती ते."

मग मी तिला सगळं सांगितलं. जे मी पोरांना खडू घेऊन सांगते तेच, खडूशिवाय. इलेक्ट्रॉन, पारा, टक्कर, न दिसणारा उजेड, पांढरी भुकटी. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. माझ्या वर्गात इतकं शांतपणे कोणी ऐकत नाही.

"म्हंजे आत दोन्हीच्या सारखंच चालू राह्यते," ती म्हणाली.

"हाव."

"मंग त्या ट्यूबले भुकटी काऊन नाही लावली त्याइनं?"

"ते मारासाठीच बनवेल होती, वहिनी. जंतू मारासाठी."

"आन् तिले कसं समजते, जंतू कोनता आन् डोया कोनता?"

"नाही समजत," मी म्हटलं.

तिने मान हलवली. तिला उत्तर पटलं होतं. मला मात्र ते माझ्याच तोंडून ऐकवेना. मी इतकी वर्षं त्या टकरींचं गणित मांडत आले आणि माझ्या एकाही समीकरणात नळीच्या बाहेर कोणी बसलेलं नव्हतं. याचा दोष समीकरणाला देता येत नाही आणि मलाही नाही, भावाने मला विचारलं नव्हतं आणि विचारण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंही नव्हतं. दोष कोणाला देता येत नाही, हेच मला सगळ्यात जास्त छळतं. कोणीतरी हलकट निघाला असता तर त्याला शिव्या घालून झोप तरी आली असती.

बुरशी गेली. जाताना बुबुळाच्या मधोमध पांढरा डाग ठेवून गेली. आमच्याकडे याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. वहिनी गावी परतल्यावर बाया भेटायला यायच्या आणि हळहळत हाच शब्द वापरायच्या. मला तो सहन होत नाही. मी डागच म्हणते. बुबुळ बदलता येतं, नाव लावून ठेवा, मिळालं की कळवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नाव लावलेलं आहे.

"येक तं हाय ना," वहिनी सगळ्यांना सांगायची. "येका डोयानं सारं दिसते." आणि दिसत होतंच. रस्त्यावरची पाटी, ताटातली माशी, शेजारच्या काकूंच्या नातवाच्या अंगावरचा पुरळ. भावालाही तेवढ्याने धीर आला. तो म्हणायचा, देवाने एक तरी ठेवला. त्याला वाटत होतं, पुढच्या हंगामात ती पुन्हा चिमटा धरेल आणि मग हे सगळं एक वाईट वर्ष म्हणून मागे पडेल. मला तेव्हाच माहीत होतं की प्रश्न दिसण्याचा नाही. वस्तू किती लांब आहे हे आपल्याला दोन डोळे मिळून सांगतात. एक डोळा सांगतो कळी कुठे आहे. ती चिमट्याच्या टोकापासून किती अंतरावर आहे हे तो नीट सांगू शकत नाही. मी हे कोणालाही बोलले नाही. चहा ओतताना तिची धार कधीमधी कपाच्या बाहेर पडायची, तेव्हाही नाही. सवयीने जमतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. चहा जमला.

पुढच्या वर्षी क्रॉसिंग सुरू झालं तसा तिचा फोन आला. "ताई, रविवारी येता का? तुमचं काम हाय." तिने मला कधी काम सांगितलेलं नव्हतं. मी गेले.

भावाने तिला दोऱ्याचं काम दिलेलं होतं. पोलन लावून झालं की त्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा अडकवायचा. नव्या पोरींचं काम. दुपारी बाया जेवायला बांधावर गेल्या तेव्हा ती मला जाळीच्या अगदी मागच्या ओळीत घेऊन गेली. कमरेला खोचलेला चिमटा काढला.

"मी काढते. तुमी मांगून पाहा, आत काही राह्यलं का."

"मले काय समजते त्याच्यातलं, वहिनी? भाऊले घे, नाहीतं त्या बायाइले."

"तुमचा भाऊ खोटं बोलन. बायाबी बोलतीन, मले बरं वाटावं म्हनून." ती कळीवर वाकली होती. "तुमाले नाही येत. तुमी तोंडावर बोलता."

हे काही कौतुक नव्हतं. घरात माझी ही ख्याती आहे आणि तिने तिचा बरोबर उपयोग केला.

तिने एकेक कळी घेतली. डोकं डावीकडे कलतं करून, डोळा अगदी जवळ नेऊन. चिमट्याचं टोक आधी हवेत मिटायचं, मग पुढे सरकायचं, मग कळीला लागायचं. पूर्वी हात चालायचा तसा चालत नव्हता, पण चालत होता. मी चष्मा लावून तिच्या मागून प्रत्येक कळीत डोकावत गेले. स्वच्छ. स्वच्छ. मधली हिरवी काडी एकटी उभी. मला इतका आनंद व्हायला लागला की मी तो दाबून धरला. ओळ अर्ध्यावर आली. ती वळून पाहत नव्हती, पण माझं ऐकत होती. मी काही बोलत नव्हते याचा अर्थ ती लावत होती, आणि तिचा हात थोडा सैल पडला होता, खांदे खाली आले होते.

मग एका कळीत काडीच्या पलीकडे एक जांभळा नर तसाच होता. मुळाशी, पाकळीला चिकटून.

मी खोटं बोलू शकले असते. एका फुलाने काय होतं, असं मनात आलं. त्याच क्षणी हेही कळलं की आज मी सगळं साफ आहे म्हटलं तर उद्यापासून ती पुन्हा चिमटा धरणार, मागे कोणी तपासणारी न ठेवता, पूर्वीसारखी. माझ्या गप्प राहण्यात जरा जास्त वेळ गेला.

"राह्यला का?" ती म्हणाली.

"हाव. येक."

"काढा मंग." तिने चिमटा मागे केला.

मी तो घेतला. श्वास रोखून कळीत घातला. नर धरला, ओढला, आणि त्याच्याबरोबर मधली काडीच मोडून आली. मी ते दोन्ही तळहातावर धरून उभी राहिले. तिने माझा हात तिच्या डाव्या डोळ्याजवळ ओढून घेतला, पाहिलं आणि सोडून दिला. 

क्रॉसिंगमध्ये एक नियम आहे. ज्या कळीची खात्री नाही ती झाडावर ठेवायची नाही. वहिनीने ती कळी खुडली. मग ओळीच्या सुरुवातीला परत गेली आणि त्या दुपारी तिने हात लावलेली पहिली कळी खुडली. मग दुसरी.

"वहिनी, ते बराबर हायेत," मी तिच्या मागे जात म्हटलं. "मी पाह्यले ना सारे. आत काईच नोतं."

"तुमी पाह्यले, ताई," ती म्हणाली, आणि तिचा हात थांबला नाही. "मले कुठी दिसले."

बाया बांधावरून परत यायच्या आत तिने हात लावलेल्या सगळ्या कळ्या खुडून ओच्यात घेतल्या.